दिवसातला बरा तास कशाला द्यायचा?

रानजाई

मला आमवात आहे. डॉक्टर त्याला रूमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात. वय झालं की गुडघे कुरकुरतात तो संधिवात निराळा. यात आपलीच प्रतिकारशक्ती सांध्याच्या आतल्या अस्तरावर उलटते. बोटांची मधली पेरं, बोटं तळहाताला जुळतात ते सांधे आणि मनगटं इथे जास्त, तेही दोन्ही हातांना सारखंच. आठवड्यातून एकदाच घ्यायची मेथोट्रेक्सेट, जोडीला फॉलिक ॲसिड, ठरावीक काळाने रक्ततपासणी असं सगळं रीतसर सुरू आहे आणि त्याने पुष्कळ फरक पडलाय. पण चर्चेचा हा धागा औषधांचा नाही. मला घरातल्या दिवसाबद्दल बोलायचंय.

आमवाताच्या कुठल्याही पेशंटला विचारा, सगळ्यात वाईट वेळ सकाळची. उठल्यावर बोटं मिटत नाहीत, मिटली तर उघडत नाहीत. गरम पाण्यात हात बुडवून बसायचं, चहाचा कप दोन्ही तळव्यांत धरायचा. साडेदहाच्या सुमारास माझे हात मोकळे होतात आणि दीडपर्यंत साथ देतात. त्यानंतरचा थकवा नुसत्या झोपेने जाणारा नसतो. म्हणजे दिवसाकाठी हाताशी येतो तो एवढाच बरा वेळ. तो कुणाचा?

आपल्याकडे याचं उत्तर ठरलेलं असतं. आधी घर. निवडणं-टिपणं, ओटा, कपड्यांच्या घड्या, फडताळ, आणि सगळं आवरलं की "बस आता निवांत तुझं भरतकाम घेऊन." पण सगळं आवरेपर्यंत हातही आवरलेले असतात. दुपारी सुई धरवत नाही आणि बाई म्हणते, आता माझ्याच्याने नाही होत. होतं. त्या वेळेला होत नाही, इतकंच.

म्हणून मी क्रम उलटा लावलाय. साडेदहाला मी खिडकीशी भरतकामाला बसते. ओटा तसाच असतो. घड्या दुपारी, तळव्याने दाबून, जमतील तशा. घरच्यांना सांगून टाकलंय की या वेळात मला हाक मारायची नाही, कुणी आजारी असल्याशिवाय.

हात बदलले तसं कामही बदललं. मलमलीवरचा बारीक टाका मी सोडला. आता मॅटीचं कापड घेते. मॅटीच्या विणीतच भोकं असतात, त्यामुळे सुई टोचावी लागत नाही, सोडली की पलीकडे जाते. सुई बोथट टोकाची, मोठ्या नेढ्याची. रिंग हातात धरत नाही. टेबलाच्या कडेला सुताराकडचा क्लॅम्प लावून घेतलाय, त्यात ती अडकवते, म्हणजे एक हात कापडाच्या वर आणि एक खाली राहतो. खरा जोर लागतो तो सुई ओढताना चिमटीला. तिथे फुटलेल्या फुग्याचा तुकडा बोटाला गुंडाळते. रबरावर सुई घसरत नाही, त्यामुळे चिमूट सैल ठेवली तरी काम होतं. थोड्या थोड्या वेळाने मोबाइलचा गजर वाजतो, मग हात उताणे करून मांडीवर ठेवायचे. सध्या उशीच्या अभ्र्यावर फुलीच्या टाक्याने कोयरी चाललीय, लाल आणि मोरपंखी. ताणून बसवलेल्या कापडातून दोरा ओढला की जो सर्रकन आवाज येतो ना, त्यासाठी मी सकाळभर वाट बघत असते.

तुम्ही काय करता? आजार कुठलाही असो. तुमचा बरा वेळ कोणता, आणि तो कशाला देता?

आंबटगोड

"सगळं आवरेपर्यंत हातही आवरलेले असतात." अगदी. मला थायरॉइड आणि कंबरदुखी आहे, माझं दुपारी चारनंतर बरं असतं. त्या वेळी मी गच्चीवर कुंड्यांपाशी असते. सदाफुली, गवती चहा आणि एक हट्टी कृष्णकमळ. वाचतेय.

ठाणेकर७

मी डायलिसिसवर आहे. आठवड्यातून तीन वेळा, प्रत्येक वेळी चार तास. तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर जरा वेगळं आहे, कारण माझे वाईट तास वेळापत्रकात छापलेले असतात. डायलिसिस झालं की तो दिवस संपल्यात जमा, घरी येऊन आडवं व्हायचं. बरा असतो तो दुसरा दिवस, सकाळी आठपासून. तो मी कुणालाही देत नाही. बँक, बिलं, दुरुस्त्या सगळं मुलाकडे दिलंय. मी शब्दकोडी रचतो. सोडवणारे पुष्कळ असतात. मी चौकटी आखतो, आडवे-उभे बसवतो आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲपवर दर रविवारी टाकतो. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन शाळकरी मुली सगळ्यात आधी सोडवतात.

ते चार तासही फुकट घालवायचे नाहीत असं ठरवलंय. फिस्टुला, म्हणजे डायलिसिससाठी धमनी आणि शीर जोडून केलेली जागा, डाव्या हाताला आहे, सुया तिथे असतात आणि तो हात हलवायचा नाही. उजवा मोकळा. एका हाताने वही धरून लिहिता येत नाही, म्हणून जुन्या परीक्षेच्या पॅडला वही क्लिपने लावून पोटावर ठेवतो. तेवढ्या वेळात पुढच्या कोड्याचे शब्द गोळा होतात. शेजारच्या खुर्चीवरचे काका शेतकरी आहेत. नांगराच्या भागांची नावं, बैलांच्या रंगांची नावं त्यांच्याकडून मिळाली. रुमणं, जू, शिवळ, इसाड. असे शब्द कोड्यात घातले की बिल्डिंगमधल्या आजी-आजोबांना फोन जातात.

आणि एक छोटा आनंद. पाण्याचं बंधन फार कडक असतं. मला दिवसाला एक लिटर सांगितलंय, त्यात चहा, ताक, आमटी सगळं धरून. मी सकाळीच एका बाटलीत दिवसाचं पाणी मोजून ठेवतो आणि त्यातल्याच थोड्यात लिंबाचे चार थेंब टाकून बर्फाचे छोटे खडे करतो. घोट घेतला तर क्षणात संपतो. खडा तोंडात पुष्कळ वेळ राहतो. दुपारी साडेतीनला, पंख्याखाली, डोळे मिटून एक खडा. त्याची चव मी तुम्हाला लिहून सांगू शकणार नाही.

झारा

ताई, धागा आवडला पण माझ्या घरी हे कसं बसवायचं ते सांगा. मलाही आमवातच. निदान होऊन फार दिवस झालेले नाहीत. घरात सहा माणसं. सकाळी तीन डबे, ते तर माझ्या सगळ्यात वाईट वेळेत. मग अकराला हात जरा मोकळे झाले की सासूबाईंचं जेवण, मुलाची शाळा सुटते, त्याचं आणणं. तुम्ही म्हणता तो बरा तास माझ्याकडे पण येतो, पण तो येतो तेव्हा दारात सगळे उभे असतात. सासूबाई वाईट नाहीत. त्यांना दिसत नाही एवढंच. हात सुजलेले नसतात त्या दिवशी तर मला स्वतःलाच वाटतं की मी नाटक करतेय की काय.

मी पेटी वाजवायचे. लग्नाआधी संगीताची 'प्रवेशिका पूर्ण' ही परीक्षा झाली होती. पेटी कपाटावर आहे.

रानजाई

झारा, तुम्ही नाटक करत नाही आहात. सूज बाहेर दिसत नाही तेव्हाही आतल्या अस्तराची सूज असू शकते आणि थकवा हा या आजाराचाच भाग आहे, आळस नव्हे. सासूबाईंना पुढच्या तपासणीला बरोबर घेऊन जा. आपण दहा वेळा सांगितलेलं पोहोचत नाही ते डॉक्टरांनी एकदा सांगितलेलं पोहोचतं. माझ्या सासरी तसंच झालं.

तीनही डबे एकदम सोडवायला जाऊ नका. सकाळचं कणीक मळणं तेवढं आधी दुसऱ्याच्या हातात जाऊ दे. बाकीचं नंतर बघू. इथे कुणी फिजिओ वगैरे आहेत का? त्यांनी सांगितलं तर जास्त बरं.

हस्तमुद्रा

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे आजारातही रोजची कामं कशी करायची ते शिकवते. हाताचेच पेशंट जास्त बघते. धागा वाचून राहवलं नाही.

लहान सांध्याचं काम मोठ्या सांध्याला द्यायचं, हे आमच्याकडचं पहिलं सूत्र. पिशवी बोटांत अडकवायची नाही, कोपराच्या खोबणीत अडकवायची किंवा खांद्याला. पातेलं एका हाताने कान धरून उचलायचं नाही, दोन्ही तळवे खाली घालून उचलायचं, आणि शक्यतो उचलायचंच नाही, ओट्यावरून सरकवायचं. बरणीचं झाकण बोटांनी न फिरवता तळवा वर दाबून खांद्यातून फिरवायचं, बरणीखाली ओलं फडकं ठेवून. आणि झाकण नेहमी अंगठ्याच्या दिशेला वळेल असं. बोटं करंगळीकडे ढकलली जातील अशी कुठलीही पीळ देण्याची हालचाल टाळायची, कारण या आजारात बोटं त्याच दिशेला कलायला लागतात. म्हणून ओला कपडा पिळू नका. नळाच्या तोटीला गुंडाळा आणि दोन्ही टोकं धरून सरळ ओढा.

दुसरं सूत्र मुठीचं. मूठ जितकी घट्ट आणि धरायची वस्तू जितकी बारीक, तितका सांध्यावर भार जास्त. चमचा, ब्रश, पेन, लाटण्याच्या मुठी, सगळ्यांवर फोमची नळी चढवा. एसीच्या पाइपला जे काळं आवरण असतं ते हार्डवेअरच्या दुकानात मिळतं, स्वस्त असतं, कात्रीने कापता येतं.

झारा, कणीक फूड प्रोसेसरमध्ये मळा, किंवा रात्रीच सैलसर भिजवून फ्रिजमध्ये ठेवा, सकाळी अर्धा तास आधी बाहेर काढा. मळण्याचा जोर बराच वाचतो. आणि ज्या दिवशी सांधे गरम, लाल, फुगलेले असतील त्या दिवशी जोराचं कुठलंच काम नको, आवडीचंही नको. त्या दिवशी बोटं हलकेच उघड-मीट करायची, तेवढंच.

रानजाई, गजर लावून थांबणं फार उत्तम. दुखायला लागल्यावर थांबलं तर उशीर झालेला असतो.

इंद्रायणीकाठ

आमच्या घरी वडिलांना पार्किन्सन्स आहे. गोळी घेतल्यावर काही वेळाने अंग मोकळं होतं आणि पुढच्या गोळीच्या आधी पुन्हा जखडतं, त्यामुळे बरा तास हा शब्द आम्हाला लगेच कळला. आम्ही त्याला "सुटलेला वेळ" म्हणतो. डाळ-उसळ, दूध असं प्रथिनांचं खाणं गोळीबरोबर घेतलं तर त्या गोळीतलं औषध, लेवोडोपा, नीट शोषलं जात नाही असं डॉक्टरांनी सांगितल्यावर खाण्याच्या आणि गोळीच्या वेळा वेगळ्या केल्या. त्याने सुटलेला वेळ जरा लांबला.

वडील आयुष्यभर दिंडीत चालले. टाळकरी. आजार वाढला तशी वारी थांबली आणि घरातही दाराशी आले की पाय जमिनीला चिकटल्यासारखे व्हायचे. उंबऱ्याशी तर हमखास. मागून धरलं, ओढलं तर तोल जातो. एके दिवशी ते असेच स्वयंपाकघराच्या दारात अडकले असताना माझ्या मुलाने खुंटीवरचे टाळ काढून ज्ञानबा-तुकारामचा ठेका धरला. त्याच्या डोक्यात काही उपचार वगैरे नव्हता, त्याला वाजवायचे होते. वडिलांनी मान हलवली, उजवा पाय उचलला आणि चक्क पावली टाकत बाहेर आले. दोन पुढे, एक मागे, मग पुन्हा पुढे. आम्ही सगळे बघत राहिलो.

नंतर न्यूरॉलॉजिस्टनी समजावलं. मेंदूला आतून मिळणारा चालण्याचा ठेका या आजारात अडखळतो, पण बाहेरून ठेका मिळाला, किंवा ओलांडायला डोळ्यांपुढे रेघ मिळाली, तर पाय उचलला जातो. तेव्हा उंबऱ्याआधी फरशीवर पिवळ्या पट्ट्या चिकटवल्या. मुद्दाम पिवळ्या, फरशी करडी आहे. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये २००१ पासून पार्किन्सन्सच्या पेशंटसाठी नृत्याचे वर्ग चालतात, पुण्यातही असे वर्ग झालेत. आमच्याकडे नृत्य म्हणजे पावली.

आता संध्याकाळी सुटलेल्या वेळात हरिपाठ असतो. वडिलांचा आवाज बारीक झालाय, म्हणून मोठ्याने म्हणायचा सराव त्यात होतो. टाळ त्यांना नीट धरता येत नाहीत, दोरी मनगटाला बांधून देतो. ठेका चुकला तर नातवाला डोळ्यांनी दटावतात. चूक नातवाची असते बरं का, त्यांची नाही. लय अजून पक्की आहे.

आंबटगोड

हे वाचून डोळे भरून आले. तुमच्या मुलाला माझा आशीर्वाद सांगा.

कुंचला

मी चित्रकला शिक्षक. रानजाईंच्या क्लॅम्पवरून रेन्वार आठवला.

पिएर-ओग्यूस्त रेन्वार, फ्रेंच चित्रकार. पन्नाशीच्या सुमारास, १८९२च्या आसपास त्याला आमवात सुरू झाला, तोही तीव्र. तेव्हा आजची औषधं नव्हती. १९१९ मध्ये तो गेला, तोवर म्हणजे पंचवीसेक वर्षं तो चित्रं काढतच होता. बोटं तळहातात वळलेली, खांदा आखडलेला, शेवटची काही वर्षं चाकाच्या खुर्चीत. त्याच्या बोटांना ब्रश बांधत असत असं सांगितलं जातं. फोटोत हातांना पट्ट्या दिसतात, त्यावरून तो समज झाला असावा. पट्ट्या होत्या त्या वळलेल्या बोटांची नखं तळव्याच्या कातडीत रुतू नयेत म्हणून. ब्रश त्याच्या हातात दुसरं कुणी ठेवून देई, पण धरून रंगवायचा तो स्वतः.

मला त्याची आणखी एक युक्ती फार मोलाची वाटते. मोठ्या कॅनव्हासपर्यंत हात पोहोचेना, तेव्हा कॅनव्हास दोन आडव्या दांड्यांवर गुंडाळायचा आणि मागावरच्या कापडासारखा हवा तेवढा भाग समोर आणायचा. हात एका जागी, चित्र हलतं. रानजाईंनी तेच केलंय, काम हाताकडे आणलंय.

तो हात चालता राहावा म्हणून चेंडू झेलायचा सरावही करत असे. आमच्या शाळेत एका मुलीला लहान मुलांचा आमवात आहे. हो, मुलांनाही होतो. तिला मी पेन्सिल सोडायला लावली आणि जाड ब्रश, मोठा कागद दिला, कागद भिंतीला चिकटवून. मनगट न वळवता खांद्यातून रंगवते. वर्गात सगळ्यात मोकळी रेघ तिची आहे. तिच्या आईला वाटत होतं चित्रकलेचा तास बंद करावा, हाताला आराम. मी हात जोडून सांगितलं, बाकी काही बंद करा.

दूरदेशी

लीड्सहून. इथे थंडी सुरू झाली की माझी बोटं पांढरी पडतात, मग निळी, मग लाल. रेनॉडचा त्रास, आमवाताच्या सोबतीला आलेला. घरातही बिनबोटांचे लोकरी मोजे हातात. तेच विणायला शिकले, मोठ्या व्यासाच्या लाकडी सुयांवर. लाकूड धातूइतकं हाताला गार लागत नाही.

कुंचला यांनी लिहिलं तसं अजून एक. भाजी सोलायच्या सोलाण्याचं जाड काळ्या रबरी मुठीचं जे डिझाइन जगभर दिसतं, ते १९९० मध्ये अमेरिकेत सॅम फार्बर यांनी बाजारात आणलं. त्यांच्या बायकोला संधिवात होता आणि साधं सोलाणं धरताना हात दुखायचा, तिथून त्याची सुरुवात. आजारी माणसासाठी म्हणून केलेलं, आणि आज धडधाकट माणसंही तेच उचलतात. माझ्या आईला पुण्याला तसलंच नेऊन दिलं. ती म्हणाली, दुधी सोलताना पहिल्यांदा हाताकडे लक्ष गेलं नाही.

इथली माझी मजा म्हणजे पक्षी. स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर दाण्यांचं भांडं टांगलंय. रॉबिन, ब्लू टिट, आणि एक लबाड खार. हात काहीही करत नसताना करायचा छंद पाहिजेच एखादा, वाईट दिवसांसाठी.

रानजाई

दूरदेशी, शेवटचं वाक्य अगदी पटलं. हस्तमुद्रांनी सांगितलेले गरम सांध्यांचे दिवस मला पावसाळ्यात जास्त येतात. तेव्हा मीही खिडकीच. आमच्या मागे उंबर आहे. तांबट, बुलबुल, कोकीळ, फळं पिकली की हरियाल. उन्हाळ्यात पहाटे दयाळ गातो, त्या वेळी माझे हात गरम पाण्यात असतात आणि दुसरं काहीच करण्यासारखं नसतं, त्यामुळे पूर्ण ऐकते. फेब्रुवारीत चार दिवस जगभर अंगणातल्या पक्ष्यांची गणना असते. किमान पंधरा मिनिटं एका जागी बसून दिसलेले पक्षी मोजायचे आणि नोंदवायचे. आजारी माणसाइतकं एका जागी बसणं कुणाला जमणार? माझ्या नोंदी तिथे आहेत.

रांगोळीबद्दल मला निरोपातून कुणीतरी विचारलंय. चिमटीतली बारीक रेघ माझी गेली. मुठीतून सोडतात ती जाड रेघ, संस्कार भारती पद्धतीची, ती जमते, कारण त्यात चिमूट नसते. खाली बसवत नाही म्हणून पाटावर काढते आणि पाट टेबलावर ठेवते. दिवाळीत चार दिवस दारात तोच पाट.

वाटसरू

बायकोला आमवात आहे, मी सोबत करणारा. पुरुषांच्या बाजूने एक लिहितो.

सुरुवातीला मी तिच्या हातातलं सगळं काढून घ्यायचो. भाजी मी चिरतो, कुकर मी लावतो. ती गप्प होत गेली. एकदा म्हणाली, भाकरी नको काढून घेऊस. मला कळेना, कारण भाकरी तर सगळ्यात कष्टाची. नीट बघितलं तेव्हा कळलं. पीठ मळायला जोर लागतो, तो मी लावतो. पण थापताना तळवा उघडा असतो, बोटं सरळ असतात, पीठ ऊन पाण्यातलं म्हणून कोमट असतं. तिच्या हाताला ते बरं वाटतं. परातीत भाकरी गोल फिरायला लागली की तिचा चेहरा बघण्यासारखा असतो. भाकरी उचलून तव्यावर मी टाकतो, पाणी ती फिरवते. पोळ्या आमच्याकडे बाहेरून येतात.

सोबत करणाऱ्यांनी सगळं काढून घ्यायच्या आधी विचारावं, यातलं कुठलं तुझ्याकडे राहू दे?

ठाणेकर७

वाटसरू, हे माझ्या बायकोला वाचून दाखवलं.

खाण्याचा विषय निघालाच आहे तर किडनीवाल्यांसाठी. आमच्यात पोटॅशियम सांभाळावं लागतं. भाज्या सोलून, बारीक चिरून, कोमट पाण्यात भिजवायच्या, मग भरपूर पाण्यात उकडून ते पाणी फेकून द्यायचं. चव जाते असं सगळे म्हणतात. जातेच. पण फोडणी आपलीच असते. मोहरी, हिंग, कढीपत्ता, लसूण आणि वरून ताजं लिंबू, एवढ्यावर बायको उकडलेल्या बटाट्याची अशी भाजी करते की मुलगा आपलं ताट सोडून माझ्या ताटातली घेतो. दोन गोष्टी मात्र कळकळीने सांगतो. "कमी सोडियमचं मीठ" म्हणून जे मिळतं त्यात पोटॅशियम असतं, आमच्यासाठी ते धोक्याचं. आणि कमरख, ते चांदणीसारखं फळ, किडनीच्या पेशंटने अजिबात खायचं नाही. एक फोडही नको. त्यातलं विष किडनी बाहेर टाकू शकत नाही आणि ते मेंदूवर जातं. कोकणात परसात झाडं असतात, कौतुकाने पुढे करतात, म्हणून लिहिलं.

झारा

परत आले. ताईंनी सांगितलं तसं सासूबाईंना तपासणीला नेलं. डॉक्टरांनी त्यांना माझ्या हाताचा एक्स-रे दाखवला, सांधा कुठला आणि तो कसा झिजतो ते. येताना रिक्षात त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर कणीक मळलेली होती.

सगळं सुटलं असं नाही. मुलाला आणणं माझ्याकडेच आहे आणि एक डबा अजून मीच भरते. पण सोमवार आणि गुरुवार अकरा ते बारा माझे ठरलेत. नवऱ्याने पेटी खाली काढली, पुसली. दोन सूर चिकटत होते ते दुरुस्त करून आणले.

आता अडचण अशी की उजव्या हाताची बोटं जमतात. पट्ट्या हलक्या आहेत, संथ आलाप वाजवते, भूप रागातले. पण डाव्या हाताने भाता मारताना मनगट धरतं. पाच मिनिटांत दुखायला लागतं. हस्तमुद्रा, काही करता येईल का?

हस्तमुद्रा

भाता बोटांनी धरू नका. मनगट सरळ ठेवा, पंजाची टाच भात्याच्या कडेला टेकवा आणि कोपरातून ढकला. मनगटाला स्प्लिंट, म्हणजे सांधा सरळ धरून ठेवणारा आधार, लावूनही बघा, रुग्णालयाच्या ऑक्युपेशनल थेरपी विभागात मापाने करून मिळतो. पेटी थोडी खाली आणि डावीकडे तिरकी ठेवलीत तर कोपराला जागा मिळेल. एवढं करूनही दुखत असेल तर भाता दुसऱ्या कुणीतरी मारावा. मुलगा केवढा आहे?

झारा

सात वर्षांचा. जोरात मारतो. पण बसतो.

इंद्रायणीकाठ

पायपेटी! संगीत नाटकवाले वापरायचे. भाता पायाने, दोन्ही हात मोकळे. आमच्या भजनी मंडळाकडे जुनी होती, वडिलांना अजून आठवते.

रानजाई

हे मला कसं सुचलं नाही, मिरजेत राहून! आमच्याकडे तंतुवाद्यांचे कारागीर घराघरात, मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय, म्हणजे त्या गावाची खास वस्तू म्हणून, मानांकन मिळालं. पेटी दुरुस्त करणारेही आहेत आणि जुन्या पायपेट्या कुणाकडे पडून आहेत ते त्यांना बरोबर ठाऊक असतं. झारा, मी गुरुवारी बाजारात जाणारच आहे, विचारून येते. पण पायपेटीला घोटा सतत खालीवर करावा लागतो. तुमचे घोटे आणि पावलं कशी आहेत? तिथे आजार असेल तर हे नको. आधी तेवढं कळवा, आणि मुलाला सांगा की तोवर भाता हळू मारायचा, भूप आहे म्हणावं.